बेस किती वेळा गाठला? बेसबॉल संघांची फलंदाजी जोखण्याचे माप

नऊ इनिंगच्या बेसबॉल सामन्यात एका संघाच्या वाट्याला २७ आउट येतात. एका इनिंगमध्ये तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. इथे षटकांचा हिशेब नसतो आणि सामना थांबवण्याची ठरलेली वेळही नसते. फलंदाजी करणाऱ्या संघाची संधी खर्च होते ती केवळ गडी बाद झाल्याने. तिसरा गडी बाद होत नाही तोवर पुढचा बॅटर येत राहतो आणि धाव होण्याची शक्यता कायम राहते. म्हणून दोन संघांच्या फलंदाजीची तुलना करताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा, की त्यांचे बॅटर बाद न होता किती वेळा बेस गाठतात? या प्रश्नाचे उत्तर देणारा आकडा म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज, अर्थात बेस गाठण्याचे प्रमाण.

महाराष्ट्रात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ शालेय क्रीडास्पर्धांत खेळले जातात. दुबईत २०२३ मध्ये पहिले सामने भरवणाऱ्या बेसबॉल युनायटेड या व्यावसायिक लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाचा संघही आहे. तरीही नाशिक जिल्ह्यात, नामपूर-सटाण्याच्या परिसरात, चेंडू-फळीचा खेळ म्हटला की क्रिकेटच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे हे माप समजून घेण्याआधी बेसबॉलची मांडणी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

बेसवर पोहोचण्याच्या वाटा

मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर होमप्लेट आणि तीन बेस असतात. लगतच्या दोन बेसमधले अंतर मोठ्यांच्या खेळात ९० फूट असते. बॅटर होमप्लेटजवळ उभा राहतो. तिथून पहिला, दुसरा आणि तिसरा बेस पार करून तो पुन्हा होमप्लेटवर आला, की संघाची एक धाव होते. ही फेरी एका दमात पुरी करण्याची सक्ती नसते. बॅटर एखाद्या बेसवर थांबू शकतो आणि मागून येणाऱ्या बॅटरच्या खेळावर पुढे सरकू शकतो. म्हणूनच बेसवर थांबलेला प्रत्येक खेळाडू ही होऊ घातलेली धाव असते.

बॅटर बेसवर मुख्यतः तीन मार्गांनी पोहोचतो. पहिला मार्ग हिटचा. चेंडू मैदानात मारून, क्षेत्ररक्षकांनी बाद करण्याआधी त्याने बेस गाठला तर हिट मिळते. एक बेस मिळाला तर ती सिंगल, दोन मिळाले तर डबल, तीन मिळाले तर ट्रिपल, आणि सगळी फेरी पुरी झाली तर होमरन. दुसरा मार्ग वॉकचा. पिचरने ठरलेल्या चौकटीबाहेर टाकलेला आणि बॅटरने न मारलेला चेंडू ‘बॉल’ ठरतो. असे चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस बहाल होतो. तिसरा मार्ग म्हणजे पिचरचा चेंडू अंगावर लागणे. त्यातही पहिला बेस मिळतो.

याशिवाय क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बॅटर बेसवर जाऊ शकतो. कधी क्षेत्ररक्षक त्याला सोडून पुढच्या धावपटूला बाद करायला जातो, तेव्हाही तो बेसवर वाचतो. या दोन प्रकारांत बॅटरने स्वतः काही कमावले असे मानले जात नाही, म्हणून बेस गाठण्याच्या प्रमाणात त्यांची भर पडत नाही.

जुने माप आणि त्याची उणीव

शंभर वर्षांहून अधिक काळ बॅटरची योग्यता बॅटिंग ॲव्हरेजवर ठरवली जाई. हिटची संख्या भागिले ॲट-बॅटची संख्या, असे हे माप आहे. ॲट-बॅट म्हणजे बॅटिंगच्या सगळ्या पाळ्या नव्हेत. ज्या पाळीत वॉक मिळाला, चेंडू अंगावर लागला किंवा धावपटूला पुढे नेण्यासाठी बॅटरने स्वतःचा बळी दिला, ती पाळी ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. परिणाम असा, की चार बॉल संयमाने सोडून बेस मिळवणाऱ्या बॅटरच्या खात्यात बॅटिंग ॲव्हरेज काहीच जमा करत नाही. त्याची ती पाळी जणू झालीच नव्हती.

या हिशेबामागे क्रिकेटचा वारसा आहे. बेसबॉलच्या धावफलकाला आणि आकडेवारीला घडवणारे हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर येथे जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत गेले. बेसबॉलकडे वळण्याआधी ते क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटमध्ये वाइड आणि नोबॉल हा गोलंदाजाचा दोष ठरतो. त्याची धाव संघाला मिळते, पण ती फलंदाजाच्या नावावर न जाता अवांतर धावांत जाते. वॉककडेही त्याच नजरेने पाहिले गेले, म्हणजे पिचरची चूक, बॅटरची कमाई नव्हे. १८८७ च्या एका मोसमात वॉक हीच हिट धरण्याचा प्रयोग झाला, पण तो लगेच मागे घेण्यात आला. चार बॉलला वॉक हा आजचा नियम १८८९ पासून स्थिरावला. वॉक मिळवणे हेही कौशल्य आहे, ही जाणीव हिशेबाच्या वहीत उतरायला मात्र पुढे फार काळ लागला.

क्रिकेटच्या फलंदाजी सरासरीत असा दोष नाही. ती एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागून काढतात. मुंबईचे विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली सरासरी ७१.६४ आहे. याचा अर्थ, दर वेळी बाद होण्याच्या मोबदल्यात त्यांनी संघाला सुमारे ७२ धावा दिल्या. विकेटची किंमत या आकड्यातच सामावलेली आहे. टी-ट्वेंटीमध्ये मात्र डाव १२० चेंडूंचा असतो आणि दहा विकेट क्वचितच संपतात. तिथे टंचाई चेंडूंची असते, म्हणून स्ट्राइक रेटला महत्त्व येते. ज्या खेळात जी गोष्ट तुटपुंजी, तिचा खर्च मोजणारे माप त्या खेळात खरे ठरते. बेसबॉलमध्ये तुटपुंजे असतात ते आउट. बॅटिंग ॲव्हरेज आउटची पुरती मोजदाद करत नाही, बेस गाठण्याचे प्रमाण ती करते.

सूत्र आणि उदाहरण

बेस गाठण्याचे प्रमाण काढण्यासाठी हिट, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांची बेरीज करतात. या बेरजेला ॲट-बॅट, वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांच्या बेरजेने भागतात. सॅक्रिफाइस फ्लाय म्हणजे बॅटरचा उंच मारलेला चेंडू झेलला जातो, पण त्या झेलानंतर तिसऱ्या बेसवरचा धावपटू धाव पूर्ण करतो असा प्रसंग. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. ०.३५० म्हणजे शंभरातल्या ३५ पाळ्यांत बॅटर बेसवर पोहोचला आणि ६५ पाळ्यांत पोहोचला नाही.

दोन कल्पित शालेय संघ घेऊन हा हिशेब करता येईल. समजा, नामपूर आणि सटाणा या दोन संघांनी एका हंगामात प्रत्येकी ३३० पाळ्या खेळल्या. नामपूरच्या संघाची नोंद अशी: ॲट-बॅट ३००, हिट ८४, वॉक २४, अंगावर लागलेले चेंडू ३, सॅक्रिफाइस फ्लाय ३. सटाण्याच्या संघाची नोंद अशी: ॲट-बॅट २८०, हिट ७२, वॉक ४४, अंगावर लागलेले चेंडू ४, सॅक्रिफाइस फ्लाय २.

नामपूरचे बॅटिंग ॲव्हरेज ८४ भागिले ३००, म्हणजे ०.२८० येते. सटाण्याचे ७२ भागिले २८०, म्हणजे ०.२५७. या मापाने नामपूर बरेच पुढे आहे. आता बेस गाठण्याचे प्रमाण पाहू. नामपूरचे बॅटर ८४ अधिक २४ अधिक ३, म्हणजे १११ वेळा बेसवर पोहोचले. १११ भागिले ३३० केल्यास ०.३३६ येते. सटाण्याचे बॅटर ७२ अधिक ४४ अधिक ४, म्हणजे १२० वेळा पोहोचले, आणि त्यांचे प्रमाण ०.३६४ आहे. तेवढ्याच पाळ्यांत सटाण्याने नऊ जण जास्त बेसवर धाडले. बॅटिंग ॲव्हरेज वाचणाऱ्याला हे नऊ जण दिसतच नाहीत.

अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या (मेजर लीगच्या) इतिहासातही असे दाखले आहेत. जपानमधून अमेरिकेत आलेल्या इचिरो सुझुकी यांचे तिथल्या कारकिर्दीतले बॅटिंग ॲव्हरेज ०.३११ होते. १९४० ते १९६० च्या दशकांत खेळलेले एडी योस्ट यांचे होते अवघे ०.२५४. पण योस्ट यांनी १,६०० हून अधिक वॉक मिळवले, त्यामुळे त्यांचे बेस गाठण्याचे प्रमाण ०.३९४ झाले, तर इचिरो यांचे ०.३५५. इचिरो अर्थातच महान खेळाडू. चपळ धाव आणि अचूक क्षेत्ररक्षण या त्यांच्या जमेच्या आणखी बाजू होत्या. तरीही बाद न होता बेस गाठण्यात कमी ॲव्हरेजचे योस्ट सरस होते. सगळ्या कारकिर्दीचा विचार केला तर या यादीत पहिले नाव टेड विल्यम्स यांचे आहे, ०.४८२.

लहान फरकाचा मोठा परिणाम

०.३०० आणि ०.३५० या दोन प्रमाणांत वरवर पाहता फारसे अंतर वाटत नाही. पण एका इनिंगमध्ये तीन आउट होईपर्यंत सरासरी किती बॅटर येतील, हे काढले की चित्र बदलते. धावताना बाद होणे, एकाच चेंडूवर दोघे बाद होणे यांसारखे प्रसंग बाजूला ठेवले, तर तीनला ‘एक वजा प्रमाण’ याने भागले की बॅटरची अपेक्षित संख्या मिळते. ०.३०० च्या संघासाठी ती ४.२९ येते आणि ०.३५० च्या संघासाठी ४.६२. नऊ इनिंगमध्ये पहिल्या संघाचे सुमारे साडेअडतीस बॅटर खेळतात, दुसऱ्याचे साडेएक्केचाळीस. २७ आउट वजा केले तर पहिल्या संघाचे साडेअकरा जण बेसवर पोहोचतात, दुसऱ्याचे साडेचौदा. म्हणजे प्रमाणात पाच टक्क्यांचे अंतर असले तरी बेसवर पोहोचणाऱ्यांची संख्या पाव पटीने वाढते. १६२ सामन्यांच्या व्यावसायिक मोसमात याच हिशेबाने दुसऱ्या संघाला सुमारे ४८० जादा पाळ्या मिळतात.

शिवाय धावा एकट्यादुकट्याने होत नाहीत. होमरन वगळता, एकाने बेस गाठायचा आणि मागच्यांनी त्याला पुढे न्यायचे, अशी साखळी लागते. लागोपाठ तीन बॅटर बेसवर पोहोचण्याची शक्यता ०.३०० च्या संघासाठी २.७ टक्के असते, ०.३५० च्या संघासाठी ४.३ टक्के, म्हणजे जवळपास ६० टक्क्यांनी जास्त. म्हणून संघाचे प्रमाण जसे वाढते, तशा धावा त्याहून वेगाने वाढतात. संपूर्ण संघाच्या धावांशी बॅटिंग ॲव्हरेजपेक्षा बेस गाठण्याच्या प्रमाणाचे नाते अधिक घट्ट दिसते, त्याचे कारण हेच.

आउटची किंमत आणखी एका तुलनेतून कळते. पहिल्या बेसवर एक धावपटू आहे आणि अजून कोणी बाद नाही, अशा स्थितीतून इनिंग संपेपर्यंत अलीकडच्या मोठ्या लीगमध्ये सरासरी सुमारे ०.९ धाव होते. बॅटरने स्वतःचा बळी देऊन त्या धावपटूला दुसऱ्या बेसवर नेले, तर एक बाद आणि दुसऱ्या बेसवर धावपटू ही स्थिती येते. तिथून अपेक्षित धावा सुमारे ०.७ वर उतरतात. धावपटू एक बेस पुढे गेला तरी एक आउट गेल्याने एकंदरीत तोटाच झाला. म्हणून असे बळी राखून ठेवतात ते शेवटच्या इनिंगमध्ये एकाच धावेची गरज असताना.

हे माप रुळले कसे

या विचाराला पद्धतशीर रूप दिले ब्रँच रिकी आणि ॲलन रॉथ यांनी. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांना मैदानात उतरवून मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे ते हेच रिकी. त्याच वर्षी रिकी यांच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाने रॉथ यांना संख्याशास्त्रज्ञ म्हणून नेमले. रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद ठेवत. या कामाच्या आधारे रिकी यांनी १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहिला. बॅटिंग ॲव्हरेज हे अपुरे माप आहे आणि बेस गाठण्याला पहिले स्थान द्यायला हवे, हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. तरीही या आकड्याला मोठ्या लीगच्या अधिकृत आकडेवारीत स्थान मिळाले ते १९८४ मध्ये. बिल जेम्स, पीट पामर, जॉन थॉर्न यांसारख्या अभ्यासकांनी या काळात हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला.

त्याचा सर्वांत गाजलेला वापर ओकलंड ॲथलेटिक्स या संघाने केला. २००१ च्या मोसमानंतर जेसन जियांबी आणि जॉनी डेमन हे प्रमुख बॅटर अधिक पैसे देणाऱ्या संघांकडे गेले. २००२ मध्ये ओकलंडचा खेळाडूंच्या पगारावरचा खर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता, न्यूयॉर्क यांकीजचा १२ कोटींहून अधिक. संघाचे व्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे सहायक पॉल डिपोडेस्टा यांनी पाहिले, की जास्त होमरन आणि जास्त ॲव्हरेज असलेले खेळाडू महाग आहेत, पण वॉक मिळवून बेस गाठणारे स्वस्तात मिळतात. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचरचे काम सुटलेले स्कॉट हॅटेबर्ग यांना त्यांनी घेतले आणि पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभे केले. हॅटेबर्ग यांचे त्या मोसमातले बेस गाठण्याचे प्रमाण ०.३७४ होते. ओकलंडने सलग २० सामने जिंकले. त्यातला विसावा विजय ४ सप्टेंबर २००२ रोजी हॅटेबर्ग यांच्याच होमरनने मिळाला. मोसमाअखेर ओकलंड आणि यांकीज या दोघांचेही विजय होते १०३.

या यशात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो या तीन उत्तम पिचरचा वाटा मोठा होता, हे विसरता येत नाही. बेस गाठण्याच्या कौशल्याला बाजारात मिळणारा भाव मात्र त्या काळात खरोखरच कमी होता. जान हेक्स आणि रेमंड सावर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते दाखवून दिले. २००३ मध्ये मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक आले आणि बीन यांची रीत जगजाहीर झाली. हेक्स आणि सावर यांना २००४ पर्यंत तो भाव सुधारलेला दिसला. सगळेच संघ हा आकडा पाहू लागल्यावर ती संधी उरली नाही.

मापाच्या मर्यादा

बेस गाठण्याचे प्रमाण वॉक, सिंगल आणि होमरन यांना एकाच तराजूत तोलते. बेसवर जाणे किती वेळा घडले हे ते सांगते, पण फटका किती दूरचा होता हे सांगत नाही. म्हणून त्याच्या जोडीला स्लगिंग पर्सेंटेज पाहतात. त्यात सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन आणि होमरनला चार असे बेस मोजून ॲट-बॅटने भागतात. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे ओपीएस. ती सोपी आणि उपयोगी आहे, पण त्या बेरजेत बेस गाठण्याला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी वजन मिळते. धावांच्या हिशेबाने त्याचे वजन स्लगिंगच्या सुमारे पावणेदोन पट धरावे लागते. बिल जेम्स यांच्या ‘रन्स क्रिएटेड’ सूत्रात हीच दोन अंगे एकमेकांनी गुणलेली आहेत, बेस गाठणे आणि धावपटूंना पुढे नेणे.

काळाचा आणि मैदानाचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. १९६८ मध्ये मोठ्या लीगमधले सरासरी प्रमाण ०.२९९ होते आणि संघ सामन्यामागे सरासरी ३.४२ धावा करत. पिचरचा वरचष्मा इतका झाला, की १९६९ पासून पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली. उलट २००० मध्ये सरासरी प्रमाण ०.३४५ होते आणि धावा ५.१४. त्यामुळे ०.३३० हे प्रमाण १९६८ मध्ये उत्तम ठरते आणि २००० मध्ये साधारणाहून खालचे. तसेच समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये हवा विरळ असल्याने चेंडू दूर जातो आणि धावा जास्त होतात. म्हणून कोणताही आकडा त्या मोसमाच्या आणि मैदानाच्या सरासरीशी ताडूनच वाचतात.

पाळ्यांची संख्या ही तिसरी अट. व्यावसायिक संघ एका मोसमात सहा हजारांहून अधिक पाळ्या खेळतो. तेवढ्या नोंदींवर काढलेल्या प्रमाणात निव्वळ योगायोगाने येणारा चढउतार अर्ध्या-पाऊण टक्क्याइतकाच असतो. ३३० पाळ्यांच्या शालेय हंगामात तो अडीच टक्क्यांच्या पुढे जातो. नामपूर आणि सटाणा या कल्पित संघांतला फरक पावणेतीन टक्क्यांचा होता. तेवढ्यावरून सटाण्याची फलंदाजी त्या हंगामात सरस ठरली असे म्हणता येते, पण पुढच्या हंगामातही ती सरस राहील असा निष्कर्ष निघत नाही.

आणि शेवटी, फलंदाजी हा अर्धाच खेळ आहे. १९५० च्या बॉस्टन रेड सॉक्स संघाने ०.३८५ इतक्या प्रमाणाने बेस गाठून १,०२७ धावा काढल्या, तरी त्यांच्या गटात ते तिसरे आले.

शालेय किंवा जिल्हा पातळीवरच्या प्रशिक्षकाला ही तुलना करण्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. स्कोअरबुकमध्ये हिटबरोबर प्रत्येक वॉक, अंगावर लागलेला चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची नोंद नीट ठेवली तर बाकीचे काम बेरीज आणि भागाकाराचे आहे. आधी संघाचे बेस गाठण्याचे प्रमाण काढावे, मग त्याच्या शेजारी स्लगिंग लिहावे, आणि दोन्ही त्या स्पर्धेतल्या सर्व संघांच्या सरासरीशी ताडून पाहावेत. या क्रमाने वाचलेली नोंद कोणता संघ आपले आउट जपून खर्च करतो आणि कोणता उधळतो, हे सांगते. चौकटीबाहेरचा चेंडू सोडून देणाऱ्या खेळाडूची कमाईही त्यात हिटइतकीच ठळक दिसते.